‘रन’च्या चिठ्ठ्या

महादेवरावांची अट एकच होती: वाक्य कुणाच्या तरी तोंडून आलेलं हवं. दुसऱ्या कोशातून उतरवलेलं नको, घरी बसून रचलेलं तर मुळीच नको. इंग्रजी शब्दाचा जो अर्थ असेल तो आपल्याकडची माणसं रोज कसा बोलतात, ते कानांनी ऐकायचं, एका चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बोलणाऱ्याचं नाव, ठिकाण नि तारीख घालायची. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. धंतोलीत आमच्या समोरच्याच घरात ते राहत. मी मॉरिस कॉलेजातून बी. ए. झालेली, हे त्यांना ठाऊक होतं. एक दिवस दारात उभे राहून म्हणाले, “उत्तरा, तुला ‘रन’ देतो. दोघांना देऊन पाहिला. ‘धावणे’ एवढं लिहून परत आणून दिला गाढवांनी.”

छत्तीस सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. माझा वसंत दोन महिन्यांचा होता. मी लगेच हो म्हटलं, आणि ते हो कोशासाठी नव्हतं. बाळंतपणापासून माझं एकच काम चाललं होतं. बाळ श्वास घेतंय की नाही ते बघायचं. झोपला तर जवळ जाऊन छाती हलतेय का पाहायची, जागा असला तर नखांचा रंग, ओठांचा रंग, दुधाची गुळणी पिवळी की पांढरी. माझ्या थोरल्या वन्सं यमुताई म्हणत, “अगं, पोर आहे ते. तू तर पहारा बसवलास.” त्या शब्दाच्या निमित्तानं दिवसातले दोन तास तरी पहारा उठेल, असं मला वाटलं.

आणि उठलाही. कान दुसरीकडे लागले. दूधवाला म्हणाला, सावनेरची गाडी आता रविवारीही चालते, लिहिलं. शेजारचे वकील कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहणार होते, लिहिलं. कुंपणावरची वेल पार कौलांपर्यंत गेली, मिल रात्रंदिवस चालू आहे, वही लिहिताना शाई फुटली, टाका उसवला. इंग्रज हे सगळं एका ‘रन’मध्ये बसवतो आणि आपल्याकडे दर ठिकाणी वेगळं क्रियापद. मला त्यात खरंच गोडी लागली.

सगळ्यात जास्त वाक्यं मला रंभाबाईंनी दिली. त्या बाळाला तेल लावायला रोज सकाळी टिमकीहून पायी यायच्या. पाय लांब सोडून बसायच्या, वसंताला नडग्यांवर उताणा घ्यायच्या आणि तेल चोळता चोळता बोलायच्या. त्यांच्या हातात तो कधी रडला नाही. मी शेजारी पाटावर कागद घेऊन बसायची.

“काय लिहून राह्यल्या वं बाई?” तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं. “मी बोलली का तुमी लिहिता. पोलिसात देता का काय मले?”

मी समजावून सांगितलं.

“एकच शब्द?” त्यांचा हात थांबला. “गाडीलेबी थोच, नाकालेबी थोच, अन् दुकानालेबी थोच?”

“हो.”

“मंग गरीबच हाय म्हणा साहेब! आमच्याकडं एकच लुगडं असलं का असंच होते. लग्नालेबी थेच अन् मैतीलेबी थेच.”

स्वयंपाकघरातून यमुताई मोठ्यानं हसल्या. “ऐक गं उत्तरा, तुझ्या बी. ए.ला ऐकव हे.”

त्यानंतर रंभाबाईंनाच त्या खेळाची चटक लागली. पायरीवर वहाणा काढता काढता म्हणायच्या, “आज तुमच्यासाठी एक आणलं, घ्या लिहून.” ती वाक्यं बहुतेक त्यांच्या पार्बताची असत. पार्बता म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन दोन वर्षांत परत आलेली, मिलमध्ये सुताच्या खात्यात कामाला. मी तिला पाहिलं नव्हतं. पण तिचं नाक वाहतं, ते चार दिवस झाले थांबलं नाही, हे माझ्याकडे १८ नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर होतं. “सारं घर थेच चालवते, मी तं फकत तेल लावत फिरतो” हे २० तारखेचं. “सांज झाली का आंग तापते तिचं, सकाळी निवते” हे २४ तारखेचं. ते ऐकल्यावर मला किती आनंद झाला होता! अंगात ताप असणं याला इंग्रज ‘रन’ म्हणतो हे मला माहीत होतं, पण त्या अर्थाला वाक्य मिळत नव्हतं. मी म्हटलं, “वा रंभाबाई, हेच हवं होतं.”

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग वसंताचं दुसरं पाऊल हातात घेतलं.

डिसेंबरच्या दोन तारखेला त्या नेहमीसारख्या आल्या, पण वाक्य आणलं नव्हतं. तेल लावून होत आलं तेव्हा म्हणाल्या, “बाई, एक काम होतं तुमच्याजवळ.”

“बोला ना.”

“पोट्टीले डाक्टरले दाखवलं. थो म्हणते, तिच्या छातीत दोष हाय. पहाडात कुठंसाक सरकारी जागा हाय म्हणे. असे रोगी तिथं ठेवते, दूध देते, अंडे देते, हवा चांगली. चार-सहा महिन्यांत उठून बसते म्हणे माणूस. पण त्याले अर्ज लागते, इंग्रजीत. अन् थो जाते तुमच्याच साहेबाच्या कचेरीत.”

माझे यजमान गिरिधरराव सिव्हिल सर्जनच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे जात.

“तुमाले तं एवढं येते,” रंभाबाई म्हणाल्या. “एका शब्दाचे चाळीस करता तुमी. एक अर्ज लिहून देजा.”

त्या काय सांगत होत्या ते मला पूर्ण कळलं. तरी मी बघत होते ते त्यांचे हात. उजव्या हाताचा अंगठा वसंताच्या हनुवटीवर होता. तो तोंड उघडून त्या अंगठ्याकडे मान वळवत होता, सगळी तान्ही वळवतात तशी.

“हो, उद्याच लिहिते,” मी म्हटलं आणि, त्याला भूक लागली आहे, असं सांगून त्याला उचलून आत घेतलं.

आत जाऊन मी त्याला दोनदा आंघोळ घातली. दुपटी उकळत्या पाण्यात टाकली. यमुताई विचारायला आल्या, तर म्हटलं, दूध सांडलं. मग दाराशी बसून मी बारशापासूनचं सगळं आठवू लागले. रंभाबाई खोकल्या होत्या का? नाही. एकदा शिंकल्या होत्या, पण तोंड बाजूला करून. पापा घेतला होता का? घेतला होता, बारशाच्या दिवशी, कपाळाचा. मला कोणी सांगितलं असतं की चोळण्यानं असं काही होत नसतं, तर मी ऐकलं नसतं. आणि मी कोणाला विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी यमुताईंना म्हटलं, “आता तेल मीच लावीन.”

“सहा महिने लावायचं असतं गं. आणि तुला जमतंय का ते? तू तर त्याला धरतेस काचेचं भांडं धरल्यासारखं.”

“थंडी आहे. त्या पहाटेच्या गारठ्यातून येतात, हात गार असतात.”

खोटं सांगताना मी किती चटकन बोलते हे माझं मलाच कळलं. रंभाबाईंना पायरीवरच सांगितलं. त्यांच्या हातात तेलाची वाटी होती, कोमट करून आणलेली. त्यांनी ती खाली ठेवली.

“बरं,” म्हणाल्या. मग, “अन् अर्ज?”

“लिहून घरीच पाठवते.”

“टिमकीत, मोठ्या विहिरीच्या मागं. कोणालेबी इचारा, तेलवाली रंभा कुठं राह्यते. बारकी पोट्टीबी सांगन.”

आता हे कसं लिहू तेच कळत नाही. अर्ज एका पानाचा होता. नाव, वय, आजार केव्हापासून, घरात माणसं किती. वीस मिनिटांचं काम. पण तो यांच्या हातात द्यावा लागला असता, आणि यांनी नाव वाचून म्हटलं असतं, ही रंभाबाई म्हणजे आपल्याकडे येते तीच का? मग तारखा. मग, केव्हा कळलं तुला? मग यमुताई. पोरावर एवढा पहारा ठेवणाऱ्या बाईनं त्या घरचे हात दोन महिने पोराच्या अंगावर फिरू दिले, आणि मुलीच्या तापाचं ऐकून ‘वा’ म्हणाली, हे मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून मी रोज ठरवायची, ‘रन’ एवढा संपू दे, छापखान्याला डिसेंबरअखेर द्यायचाय, मग निवांत लिहीन आणि यांना नीट समजावून सांगीन.

‘रन’ संपला. त्रेचाळीस अर्थ झाले. मी चिठ्ठ्या अर्थांप्रमाणे लावल्या, आकडे घातले, दोऱ्यानं बांधल्या आणि समोर नेऊन दिल्या. तरी अर्ज राहिलाच. वसंताला सर्दी झाली, ती बरी झाली. त्या सर्दीच्या आठ दिवसांत तर मी पार्बताचा विचार केला तो फक्त भीतीनं.

जानेवारीच्या नऊ तारखेला महादेवरावांनी बोलावलं. त्यांच्या बैठकीत सतरंजीवर माझ्या चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या, पण उलट्या, मागची बाजू वर.

“ये,” ते म्हणाले. “एका ठिकाणी तुझी तारीख चुकलीय, म्हणून सगळ्या तारखेवार लावल्या. चूक सापडली. पण बस जरा. हा रंभाबाईचा भाग वाच. एक तारीख वाचायची, चिठ्ठी उलटायची, वाक्य वाचायचं.”

मी वाचलं. अठरा तारीख, नाक. वीस, घर तीच चालवते. चोवीस, संध्याकाळी अंग तापतं. सव्वीस: “पायऱ्या चढल्या का दम सरते तिचा.” अठ्ठावीस: “लुगड्याचा पदर रोज धुवा लागते तिच्या, सारा रंग सुटला.” तीस: “बकरीमागं धावणं आता तिच्यानं होत नाही.”

पदर रोज का धुवावा लागतो, हे मी लिहून घेतलं तेव्हा विचारलं नव्हतं. कच्च्या रंगाला चांगलं वाक्य मिळालं, एवढंच मला वाटलं होतं.

“हिच्या घरी कोण आजारी आहे?” महादेवरावांनी विचारलं.

“मुलगी.”

“बाई रोज येऊन सांगत होती तुला. माझ्या चिठ्ठ्यांवर सांगत होती.” ते रागावले नव्हते, त्यामुळे मला वर बघवेना. “तिचं काही केलंत ना तुम्ही? गिरिधर तर त्याच कचेरीत आहे.”

मी हातातली चिठ्ठी पुन्हा उलटी करून जागेवर ठेवली. ते समजले असावेत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत बसले. मग चिठ्ठ्या गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “‘रन’ उत्तम झालाय तुझा. आत्तापर्यंत इतका चांगला शब्द कुणी करून दिला नाही.”

घरी येऊन मी अर्ज लिहिला. पेन थांबलंसुद्धा नाही. संध्याकाळी हे कचेरीतून आले तेव्हा चहाच्या आधीच त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. यांनी पहिल्यांदा पाळण्याकडे पाहिलं.

“त्याला काही...?”

“नाही. चांगला आहे. तरी डॉक्टरांना दाखवू.”

“मग काहून सांगितलं नाहीस? महिना झाला, उत्तरा. मी काय खाऊन टाकलं असतं तुला?” अर्ज पुन्हा वाचून म्हणाले, “पेशंटचा अंगठा लागतो इथं खाली. घेऊन ये उद्या.”

दुसऱ्या दिवशी वसंताला यमुताईंजवळ ठेवून मी टांग्यानं टिमकीला गेले. विहिरीच्या मागे खरंच एका लहान मुलीनं घर दाखवलं. रंभाबाई अंगणात लाकडं फोडत होत्या. मला बघून त्यांनी कुऱ्हाड खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, या म्हणतात. त्या थांबवत होत्या.

“थांबा, थांबा. तिथंच थांबा, बाई. लेकरू आंगावरचं पिते ना अजून? मंग आत नका येऊ.”

मी फाटकाशीच थांबले. आतून खोकला ऐकू आला. कोरडा, लांब. संपला असं वाटेपर्यंत पुन्हा.

“अर्ज आणलाय,” मी म्हटलं. “उशीर झाला. खूप उशीर झाला, रंभाबाई. पार्बताचा अंगठा हवाय इथं.”

कागद घ्यायला त्या जवळ आल्या. पदराला हात पुसले आणि कागद टोकाला धरला.

“कसा हाय माहा राजा? मान धरते का?”

“धरतो आता.”

“तेल बंद नका करजा. तुमचं तुमी लावा, पण लावा.” त्यांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना तो वाचता येत नव्हता. “मले समजलं होतं तुमी काहून बंद केलं थे. लेकराच्या मायनं असंच करा लागते. मीबी तेच केलं असतं. त्याचा राग नाही मले.”

मला रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याबरोबर सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पण अर्जातून तं रोग लागत नोहता ना, बाई?”

त्यांनी हे टोमणा मारून म्हटलं नाही. खरंच विचारलं. मी इतकी शिकलेली, मला ठाऊक असेल, तसं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं कागद घेऊन आल्या. खाली निळा अंगठा होता, दोनदा उमटवलेला. पहिला पुसट आला म्हणून शेजारी दुसरा. मी पार्बताला कधी पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही.

अर्ज यांनी स्वतः पुढे पाठवला, दोनदा आठवण केली. उत्तर आलं की एप्रिलमध्ये जागा होईल. पार्बता मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी गेली. दूधवाल्यानं सांगितलं.

मी सगळ्यावर नजर ठेवणारी बाई. ही एक गोष्ट न बघता सोडून देणं मला जमलं नाही. एक दिवस यांना विचारलं, “डिसेंबरात तिथं किती खाटा रिकाम्या होत्या?”

“काहून?”

“बघून सांगा.”

“बघून काय होणार आहे?”

“सांगा तरी.”

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर बूट काढता काढता, मान खाली घालून ते म्हणाले, “तीन होत्या. नाताळापर्यंत कुणी आलं नव्हतं.”

हे मी रंभाबाईंना सांगितलं नाही. ऑक्टोबरात सीताबर्डीच्या बाजारात त्या अचानक समोर आल्या. वसंत आता माझं बोट धरून चालत होता. त्या मटकन खाली बसल्या, भाजीची पिशवी बाजूला ठेवली आणि त्याच्या पोटऱ्या दोन्ही हातांनी चाचपून पाहिल्या. या वेळी मी त्याला मागे ओढलं नाही. तो त्यांच्या कानातल्या बाळीकडे हात नेत होता.

“पाय मजबूत झाले,” त्या म्हणाल्या. “पण कोरडे हाय वं बाई. तेल कमी पडून राह्यलं. तुमच्यानं जोर होत नाही.”

“येता का तुम्ही?” मी विचारलं. “उद्यापासून?”

त्यांनी वसंताचा हात हळूच बाळीवरून सोडवला आणि पिशवी उचलली.

“आता नाही जमत, बाई. हात दुखते,” म्हणाल्या, आणि भाजीवालीकडे वळल्या.